रानगाजरातला काळा ठिपका

गिरणीत तिला सगळे चिमटाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, एवढी हिंमत कोणाची? पण पाठ फिरली की म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. तपासणी खात्यात ती लग्नाआधीच लागली होती. काचेचं तिरकं टेबल, काचेखाली दिवे, वरून सरकत जाणारं पांढरंशुभ्र कापड आणि गळ्यात नाडीला बांधलेला पोलादी चिमटा, हा तिचा संसार. कापडात सरकीचा तुकडा, काडी, तेलकट धागा, काहीही दिसलं की पायानं कळ दाबून कापड थांबवायचं, चिमट्यानं तो कण अलगद उपटायचा, नखानं वीण सारखी करायची आणि पुढं जाऊ द्यायचं. दिवसभर हेच. बाईनं कापडातले काळे वेचले आणि इकडे डोक्यातले काळे संपले, असं विणकर म्हणायचे आणि फिदीफिदी हसायचे.

खात्याची एक रीत होती. मागावरून कापड उतरवतानाच कुणाला खोट दिसली तर तो त्या जागी काठाला लाल दोरा बांधून द्यायचा. लाल दोरा म्हणजे, बाई, इथं घाण आहे, काढा. इतक्या वर्षांत लाल दोरा दिसला की तिचा हात आपोआप चिमट्याकडे जायचा, डोकं मधे पडायचंच नाही. आणि सवय काय गिरणीच्या दाराशी थांबते होय? कुणाच्या घरी कार्याला गेली तरी पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईच्या पाठीवरचा केस उचलायची. नवरा कुलपं दुरुस्त करायचा. त्याच्या सदऱ्यावरचे लोखंडाचे कण ती जेवताना वेचायची, आणि तो बिचारा घास हातात धरून थांबायचा. "जित्याची खोड," एवढंच म्हणायचा. पुढचं अर्धं म्हणण्याइतका काही तो वेडा नव्हता.

गिरणीच्या मागं, भिंत आणि तारेचं कुंपण यांच्या मधे एक पडीक पट्टा होता. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या जणी आतल्या बाकांवर बसून जगाची धुणी धूत. ही मात्र डबा घेऊन मागं येऊन बसायची. दिवसभर दिव्यावर डोळे ताणल्यावर हिरवं काहीतरी बघावंसं वाटे. तिथं कमरेइतकी उंच रानटी झाडं माजायची. वर पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ, उघडलेल्या छत्रीसारखे, आणि पानं थेट गाजराच्या पाल्यासारखी. त्यांना नाव असेल, असं तिच्या कधी मनातही आलं नाही. गवत ते गवत.

एक दिवस जेवायला येऊन बघते तर काय, त्या झाडांच्या देठांना दोरे बांधलेले! काहींना लाल, काहींना पांढरे. ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. हा नक्की विणकरांचा चावटपणा. चिमटाबाईची थट्टा करायची, दुसरं काय? तिनं वाकून लाल दोऱ्याचं एक फूल जवळ ओढलं, आणि अगंबाई! सगळी छत्री दुधासारखी पांढरी, आणि बरोबर मधोमध एक काळा ठिपका. सरकीचा तुकडा असावा तसा. पांढऱ्या दोऱ्याचं फूल पाहिलं तर ते स्वच्छ, ठिपका नाही. म्हणजे लाल ते खोटीचं आणि पांढरं ते पास. बरोबर खात्याच्या रीतीनं! गिरणीचा धूर बसतो, राख उडते, त्यातलंच हे काहीतरी असणार, असं तिनं ठरवूनही टाकलं.

"थांबा मेल्यांनो," ती म्हणाली, "थट्टा करता काय!" आणि चिमटा काढून एकेका लाल दोऱ्याचं फूल धरून तिनं ठिपका उपटला. एकही सोडला नाही. परत जाताना मागावरच्या विणकराला मुद्दाम ऐकवलं, "झालं हं तुमचं काम!" तो बावळटासारखा बघत राहिला. नाटकी कुठला, असं मनात म्हणत ती टेबलाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तिथं एक मुलगी बसलेली. बुटक्या स्टुलावर, डोक्यावर टोपी, नाकावर जाड चष्मा, मांडीवर वही. फुलांपासून दोन हात लांब बसून टक लावून बघत होती.

"काय गं, काय हरवलं?"

"किडे मोजतेय," मुलगी म्हणाली.

"कशाला? गिरणीत येतात म्हणून?"

"नाही हो मावशी. या फुलांवर कोण कोण येतं ते बघायचंय. कॉलेजात त्याच्यावर लिहायचंय मला. तुमच्या साहेबांची परवानगी काढली आहे."

चिमटाबाईनं डबा उघडायचा तो बाजूलाच ठेवला. किडे मोजण्याचंही शिक्षण असतं, हे तिला नवीन होतं. मग चौकशी सुरू झाली, आणि एकदा ही बाई चौकशीला लागली की समोरच्याची सुटका नसे. ते हिरवं चकाकणारं काय? तो भुंगेरा. ही मधमाशीच ना? नाही, ही माशी, मधमाशीचं सोंग घेते. अगं बया, सोंग! आणि या गवताचं नाव काय? गवत नाही मावशी, हे रानगाजर. आपण खातो त्या गाजराचं रानटी भावंड. याच्या कुळात कोथिंबीर येते, जिरं येतं, बडीशेप येते. आणि काही चुलते असे विषारी आहेत की खाल्लं तर माणूस मरेल.

"म्हणजे प्रत्येक घरात असतो तसा एखादा," चिमटाबाई म्हणाली, आणि मुलगी पहिल्यांदा हसली.

हळूहळू ती रोजची बैठकच झाली. एकीला पलीकडच्या बाजूचे किडे दिसत नाहीत, म्हणून चिमटाबाई दुसऱ्या बाजूनं बघायला लागली. तिची नजर ती! बारीकशी मुंगीसुद्धा सुटेना. दोरे कशाला आहेत, असं तिनं विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "ते शेवटी सांगते. सर म्हणतात, बघणाऱ्याला आधी सांगायचं नाही, नाहीतर त्याला हवं तेच दिसतं." म्हणजे दोरे विणकरांनी बांधले नव्हते, हिनं बांधले होते. चिमटाबाई मनात ओशाळली. पण खुणेचे दोरे असतील, आपण तर नुसती राख काढली, असं म्हणून तिनं ते झटकून टाकलं.

मग एक दिवस मुलीनं कुंपणाबाहेरचं, दोरा नसलेलं एक फूल तोडून आणलं आणि तिच्या हातात भिंग दिलं. "मधला ठिपका बघा."

चिमटाबाईनं भिंगातून पाहिलं. ती राख नव्हती, सरकीही नव्हती. गर्द जांभळ्या, जवळजवळ काळ्या, इवल्याशा पाकळ्या होत्या.

"हे... फूल आहे?"

"फूलच! शेकडो पांढऱ्यांच्या मधे एक काळं."

"का?"

"तेच तर कोणाला नक्की माहीत नाही! कोणी म्हणतं, लांबून किडा बसल्यासारखा दिसतो, म्हणून दुसरे किडे येतात. कोणी म्हणतं, उलट नको ते किडे त्याला बघून पळतात. आणि कोणी म्हणतं, कशाचाच काही उपयोग नाही, पूर्वीचं काहीतरी उरलंय."

चिमटाबाईनं भिंग खाली ठेवलं. आपण फुलं उपटली! पण सांगायचं कसं? या मुलीसमोर कबूल करायचं, की मला ती घाण वाटली? झाडं इतकी आहेत, मूठभर ठिपके गेले तर काय बिघडलं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. लाजेपुढं माणूस किती पटकन वकील होतो बघा.

पण त्या ठिपक्यानं तिला पछाडलं. गिरणीत प्रत्येक डागाला कारण असतं. तेलाचा असेल तर मागवाल्याची चूक, सरकीचा असेल तर पिंजणाऱ्याची. इथं पांढऱ्यात काळं, आणि चूक कोणाचीच नाही? रात्री जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, सगळी पांढरी आणि मधलं एकच काळं, का असेल?"

"कुलपाला एकच भोक का असतं? किल्ली जायला."

"म्हणजे तिथून काहीतरी आत जात असेल?"

"अगं, मी आपलं काहीतरी बोललो. भाजी वाढ."

फुलं मिटायला लागली. रानगाजराची छत्री फुलून झाली की कडा आत वळतात आणि तिचं पाखराच्या घरट्यासारखं काहीतरी होतं. सगळ्या छत्र्यांची घरटी झाल्यावर मुलगी आली ती तोंड पाडून. "झालं मावशी. काहीच फरक नाही."

"कशात?"

"आता सांगायला हरकत नाही. पांढऱ्या दोऱ्याच्या फुलांचे ठिपके मी आधीच काढून टाकले होते. लाल दोऱ्याच्यांचे तसेच ठेवले होते. ठिपकेवाल्यांवर जास्त किडे येतात का, हे बघायचं होतं. दोन्हींवर सारखेच आले. ठिपका असून नसून सारखा."

चिमटाबाई मटकन खाली बसली. मुलीला वाटलं, ऊन लागलं. तिनं पाणी दिलं, टोपीनं वारा घातला आणि आपली बोलतच राहिली. सर म्हणाले होते, फरक नाही हेही उत्तर असतं. शुक्रवारी लिहून द्यायचं, की पास. बाबांनी एकच वर्ष दिलं होतं, त्यात झालं नसतं तर घरी परत नेऊन दुकानात बसवणार होते. "सुटले बाई एकदाची," मुलगी म्हणाली, पण तिचा आवाज सुटल्यासारखा नव्हता. तिला मनापासून वाटत होतं, की ठिपक्याला काहीतरी काम असावं.

त्या दिवशी चिमटाबाईनं घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जुनं कुलूप उघडून बसला होता. त्यानं मान वर न करता ऐकलं. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगी पास होतेय ना? तू बोललीस तर तिचं वर्ष बुडेल, बाप घरी नेईल. कोणाचं भलं होणार आहे त्यात?"

"पण ती खोटं लिहिणार."

"तिला कुठं माहीत आहे खोटं आहे ते?"

"मला माहीत आहे ना!"

"मग तूच सोस," तो म्हणाला. वाईट अर्थानं नव्हे. त्याला खरोखरच वाटत होतं, की सोसणं हाच सोपा रस्ता आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब कापडाचा एक तागा घेऊन तिच्या टेबलाशी आले. तिच्या हातून पास झालेला. मधोमध नखाएवढी सरकी. सगळं खातं माना वर करून बघत होतं. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "बाई, बरं वाटत नाही का? घरी जाता का?" तिनं चिमटा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि खरंच निघाली. पण घरी नाही गेली.

विचारत विचारत ती मुलीच्या कॉलेजात पोचली. तिथल्या खोलीत जुन्या कागदांचा आणि वाळलेल्या पाल्याचा वास होता. मुलगी टेबलाशी लिहीत बसली होती. तिला बघून खुशीनं उठली. "मावशी! तुम्ही इथं?"

"बस. आधी बस. माझं बोलून होईपर्यंत मधे बोलू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही." आणि तिनं सांगितलं. लाल दोरा म्हणजे गिरणीत काय, ते सांगितलं. विणकरांची थट्टा वाटली, ते सांगितलं. चिमटा, राख, भिंगातून दिसलेल्या पाकळ्या, आणि त्यानंतरची आपली गप्प बसण्याची लबाडी, तीही सांगितली.

मुलीचा चेहरा उतरत उतरत पांढरा पडला. "सगळ्यांचे काढलेत? एखादं तरी राहिलं असेल?"

"मी एकही सोडत नाही गं," चिमटाबाई म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला या गोष्टीची शरम वाटली.

"म्हणजे एकाही फुलाला ठिपका नव्हता. मी बिनठिपक्याची फुलं बिनठिपक्याच्या फुलांशी ताडून बघत होते!" मुलगी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "माझंही चुकलंच. मी नुसते दोरे बघत होते. लांबून, किडे उडू नयेत म्हणून. पण तुम्ही रोज माझ्याशेजारी बसत होता! रोज! शुक्रवार परवावर आलाय मावशी. हे तुम्ही मला आत्ता का सांगितलंत? नसतं सांगितलं तर काय झालं असतं?"

"तू पास झाली असतीस."

"मग?"

"तुला उत्तर हवं होतं ना," चिमटाबाई म्हणाली. "ते हे नव्हतं."

"तुम्ही जा मावशी. मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाही." ती जिना उतरली, आणि बस येईपर्यंत थांब्यावर, लोकांची पर्वा न करता, पदर तोंडाला लावून रडली.

शुक्रवार गेला. पुढचा आठवडाही गेला. चिमटाबाई सुट्टीत मागं जाऊन बसायची आणि डबा तसाच परत न्यायची. एक दिवस मुलगी आली. स्टूल नाही, वही नाही, खांद्याला नुसती पिशवी. झाडांच्या बुडाशी वाकून काहीतरी बघत राहिली.

"सरांना सांगितलं मी," शेवटी म्हणाली. "ते म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा कर. ही बघा, ही नुसती पानं आहेत ना, जमिनीला टेकलेली? रानगाजर पहिल्या वर्षी नुसती पानं काढतं. दुसऱ्या वर्षी फुलतं आणि मरतं. ही पुढच्या वर्षी फुलतील."

"आणि तू?"

"बाबा म्हणाले, खोलीचं भाडं आता नाही. घरी ये."

चिमटाबाईनं क्षणभरही विचार केला नाही. "आमच्या मुलीची खोली आहे. ती सासरी गेल्यापासून तुझ्या काकांनी त्यात कुलपं भरून ठेवली आहेत. पण आहे खोली."

"मी अजून रागावलेली आहे तुमच्यावर."

"रागव की. जेवून रागव."

मुलीच्या वडिलांची समजूत घालायला कुलूपवाला स्वतः गेला. तिथं काय बोलला ते त्यानं कधी सांगितलं नाही, पण परत आला तो थेट खोलीतली कुलपं उचलायला लागला. सगळा पसारा स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर आला आणि वर्षभर डाळीच्या डब्याशेजारी कुलपं नांदली. मुलगी पहिले काही दिवस घुम्यासारखी राहिली. मग एकदा जेवताना चिमटाबाईचा हात तिच्या खांद्यावरच्या धाग्याकडे गेला आणि मधेच थबकला. "घ्या काढून," मुलगी म्हणाली. "तो फूल नाहीये." कुलूपवाला इतका हसला की त्याला ठसका लागला.

पानं वाढली, थंडीत मलूल झाली, पुन्हा उभी राहिली. गिरणीचा माळी विळा घेऊन पट्ट्याकडे आला तेव्हा चिमटाबाईनं त्याला असं काही झापलं की तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. विणकर म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. म्हणोत. छत्र्या उघडल्या, मुलीनं पुन्हा लाल-पांढरे दोरे बांधले. या वेळी मुलगी रोज सकाळी आधी जवळ जाऊन लाल दोऱ्यांच्या फुलांतला एकेक ठिपका जागेवर आहे ना ते बघायची, आणि मगच लांब जाऊन बसायची. चिमटाबाई समोर बसायची, आणि हात मांडीखाली दाबून ठेवायची.

छत्र्यांची पुन्हा घरटी झाली. मुलगी संध्याकाळभर स्वयंपाकघरात आकडे मांडत बसली. चिमटाबाई भांडी घासत होती, पण तिचे कान तिकडंच होते. मुलीनं पेन्सिल खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा सगळं तपासलं.

"फरक नाही," ती म्हणाली. "आपल्या कुंपणापुरतं तरी नाही. सारखेच किडे. ठिपका असून नसून सारखा."

चिमटाबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तेच उत्तर! अक्षर न अक्षर तेच. पोरीचं वर्ष गेलं, बापाशी वाकडं आलं, परक्या घरात राहावं लागलं, आणि हाती काय, तर गेल्या वर्षी न भांडता, न रडता मिळत होतं तेच वाक्य. तिचे डोळे भरून आले. मुलीकडं बघायची तिची छाती होईना.

कुलूपवाला फळीवरून एक कुलूप काढत होता. तो सहज म्हणाला, तो काही वाईट माणूस नव्हता, "म्हणजे एवढा सगळा उपद्व्याप करून उत्तर तेच?"

"तेच नाही!" दोघी एकदम ओरडल्या. मुलगी उठून उभी राहिली होती. चिमटाबाईच्या हातातून पाणी निथळत होतं.

"तेच कसं काका?" मुलगी म्हणाली. तिचा चेहरा पडलेला नव्हता, उलट लाल झाला होता. "तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे!"

"तेव्हा ते खोटं होतं," चिमटाबाई म्हणाली.

मुलगी तिच्याकडं वळली, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्या गळ्यात पडली, ओल्या हातांसकट. चिमटाबाई हमसून हमसून रडली. कुलूपवाला कुलूप हातात धरून दोघींकडं बघत राहिला. त्याच्या कपाळाला आठी पडली होती, किल्ली लागत नसली की पडते तशी.

"पण मग," तो म्हणाला, "तो ठिपका तिथं आहे तरी कशाला?"